शत्रूच्या पत्रांतील आरमार

मुंबईहून निघालेला प्रवासी पनवेल मागें टाकून पळस्प्यास येतो, तेथें पुण्याची वाट घाटाकडे वळते व कोंकणची वाट दक्षिणेस जाते. या तिठ्यावर समुद्राचा मागमूसहि लागत नाहीं. परंतु येथून दोन कोसांच्या आंत असलेल्या पनवेलच्या खाडीचें नांव १६५९ सालीं थेट पोर्तुगालच्या राजाच्या कानीं गेलें होतें.

त्या वर्षीं १६ ऑगस्ट रोजीं गोव्याच्या पोर्तुगीज कारभाऱ्यांनीं राजास लिहिलें कीं, शहाजीच्या मुलानें वसई व चौलच्या बाजूचा मुलूख घेतला असून भिवंडी, कल्याण व पनवेल येथें तो लढाऊ जहाजें बांधीत आहे. तीं बंदराबाहेर पडूं देऊं नयेत, अशी ताकीद कप्तानास दिली आहे. अफझलखानाचा वध व्हावयास अद्याप तीन महिने होते. विजापूरकरांस हा तरुण जहागीरदाराचा बंडखोर मुलगा वाटत होता, तेव्हां फिरंग्यांनीं त्याच्या हातांतील सुताराची पटाशी पाहिली, हें त्यांच्या नजरेचें कौतुकच म्हणावें लागेल.

हुकूमहि पोकळ नव्हता. पनवेलची खाडी मुंबईच्या बंदरांत उतरते, आणि मुंबई, साष्टी, करंजा हीं सारीं ठिकाणें त्या वेळीं पोर्तुगीजांचीं होतीं. कल्याणच्या गलबतास ठाण्यावरून किंवा वसईवरूनच बाहेर पडावें लागे. म्हणजे महाराजांचें आरमार जन्मलें तें परक्याच्या दारांत! जहाजें बांधण्याच्या कामावर रुई लैतांव व्हियेगस नांवाचा पोर्तुगीज होता. वसईच्या कप्तानानें त्यास आंतून फोडलें व तो आपल्या माणसांसह निघून गेला. काम मात्र थांबलें नाहीं.

पुढें सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनीं हीच टेहळणी चालविली. १६६४ सालच्या त्यांच्या पत्रांत साठ गलबतें सज्ज होत असल्याची बातमी आहे. तीं कोणावर जाणार? बसऱ्याहून व इराणांतून परतणारीं सुरतेचीं जहाजें गांठण्यासाठीं, असा एक तर्क. साबरमतींतून फौज नेऊन अहमदाबादेचा मुलूख लुटण्यासाठीं, असा दुसरा. दोन्ही तर्क उत्तरेकडचे. फेब्रुवारी १६६५ मध्यें महाराज मालवणाहून पंचाऐंशी गलबतें व तीन मोठीं जहाजें घेऊन निघाले ते दक्षिणेस, गोव्यावरून सरळ कानड्यांतील बसरूरवर! तें श्रीमंत बंदर लुटून ते गोकर्णास स्नानास गेले व परततांना कारवारास उतरले. तेथील इंग्रजांस खंडणींत आपला वांटा, एकशें बारा पौंड, द्यावा लागला. मग त्यांनीं सारी हकीकत लिहून सुरतेस पाठविली.

या पत्रांत द्वेष आहे, लुटारू, चोर असे शब्द आहेत. पण गलबतांची मोजदादहि आहे. आपल्या दप्तरांत आरमाराचे कागद थोडे राहिले. मराठी आरमाराच्या आरंभाचा जो पुरावा मिळतो, त्यांतील मोठा भाग अशा वैऱ्याच्या टिपणांतूनच आला. गोव्याचें दप्तर पिसुर्लेकरांनीं चाळलें, म्हणून पनवेलची ती ओळ आपणांस वाचावयास मिळते.

१६७९ सालीं हें नाटक मुंबईच्या तोंडावर रंगलें. सप्टेंबरांत महाराजांच्या माणसांनीं खांदेरी बेटावर तटबंदी आरंभिली. इंग्रजांनीं गलबतें पाठवून बेटास वेढा घातला. १८ ऑक्टोबरच्या लढाईंत त्यांच्या ‘रिव्हेंज’ जहाजानें मराठ्यांच्या पुष्कळ मोठ्या आरमारास मागें सारलें. मराठी गलबतें नागोठण्याच्या खाडींत शिरलीं, तेव्हां इंग्रज तिच्या मुखाशीं पहारा देत बसले. पण मराठ्यांचे मचवे हलके, उथळ पाण्यांतून जाणारे. रात्रीं पहाऱ्याची नजर चुकवून ते रसद बेटावर पोंचवीत. इंग्रजांचीं जड जहाजें वाऱ्याची वाट पाहत उभीं!

याच सुमारास मराठ्यांची एक फौज मुंबईवर उतरण्यासाठीं कल्याणकडे आली. ठाण्यावरून वाट देण्यास पोर्तुगीजांनीं नकार दिला, तेव्हां ती पनवेलास वळली आणि तेथें सात शिबाडांत चढण्याची तयारी तिनें चालविली. मुंबईच्या कौन्सिलास धडकी भरली. फौज खाडी उतरलीच नाहीं. परंतु १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं आपलीं गलबतें खांदेरीवरून काढून घेतलीं, आणि बेट मराठ्यांकडेच राहिलें.