विदर्भातील कुष्ठसेवा आणि 'पुनर्वसन' या शब्दाचा अर्थ

संस्कृत 'कुष्ठ' शब्द प्राकृतातून मराठीत 'कोड' होऊन आला आणि त्वचेवरील पांढऱ्या डागांपुरता उरला. मूळ रोगास मराठी भाषिकांनी 'महारोग' किंवा 'रक्तपिती' म्हटले. रोग्यास घराबाहेर काढणारे हे शब्द रूढ होते. त्याला परत आणण्यासाठी मात्र 'पुनर्वसन' हा एकच शब्द पुढे आला, आणि तो संदिग्ध आहे. धरणग्रस्तांच्या संदर्भात तो जुने गाव गेले असेच गृहीत धरतो. कुष्ठसेवेच्या इतिहासात त्याचा कोणता अर्थ अभिप्रेत होता, हा केवळ कोशकाराचा प्रश्न नव्हे.

१८९८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात व्रणयुक्त, निर्धन व भिक्षा मागत फिरणाऱ्या रोग्यास पकडून आश्रयगृहात ठेवण्याची मुभा दिली. कायद्याचा रोख रोगापेक्षा दारिद्र्यावर अधिक होता, हे त्याच्या व्याख्येवरूनच दिसते. ज्याच्याजवळ उपजीविकेचे साधन होते तो सुटला.

विदर्भात याहून निराळी वाट निघाली. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्यानजीक दत्तपूर येथे, १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवनात, तर १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीद्वारे बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनात रोग्यांना हातास काम दिले. तपोवनातील संस्थेचे नाव 'जगदंबा कुष्ठनिवास'. 'निवास', 'वन' ही पदे वसतीची आहेत, उपचारगृहाची नव्हेत. रोगी बरा होई, सुतारकाम वा शेती शिके, कित्येकदा तेथेच संसार थाटी. पुनर्वसन झाले खरे, पण ते नव्या गावात. यात संस्थांचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. जुन्या गावाचे दार बंद होते. तथापि संस्था जितकी यशस्वी, तितकी त्या दारावर थाप मारण्याची निकड कमी झाली, हेही नाकारता येत नाही.

उलट दिशेचे एक उदाहरण सेवाग्रामात घडले होते. संस्कृतज्ञ परचुरे शास्त्री कुष्ठग्रस्त अवस्थेत आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांच्यासाठी कुटी बांधवून स्वतः त्यांची शुश्रूषा केली. कुटी थोडी बाजूस होती, पण आश्रमाच्या आवारातच होती. रोग्याला वेगळ्या वसाहतीत न पाठविता वसतीतच जागा देण्याचा हा प्रयत्न एका व्यक्तीपुरता होता. त्यास पद्धतीचे रूप वर्ध्यातच मिळाले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. वार्डेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, लोकशिक्षण व उपचार ही त्रिसूत्री अवलंबिली. डॅप्सोनच्या गोळ्या स्वस्त होत्या आणि तोंडावाटे घेता येत. म्हणून कार्यकर्ता रोग्याच्या दारी जाऊ लागला. रोगी घरातून हललाच नाही, तर त्याला परत आणण्याचा प्रश्न उद्भवत नाही. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाचा भरही याच मार्गावर राहिला. पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केल्यावर उपचाराची मुदतही आटोक्यात आली.

कायदा मात्र रेंगाळला. १८९८ चा अधिनियम २०१६ मध्ये रद्द झाला. घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळण्यास २०१९ उजाडले. २०१६ च्याच दिव्यांग हक्क अधिनियमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला व 'कुष्ठरोगमुक्त' व्यक्तींचा त्यात समावेश केला. या संज्ञेतला अंतर्विरोध लक्षणीय आहे: रोग गेला, तरी त्याचे नाव माणसाच्या ओळखीत राहिले.

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात मोडत असे. तपोवन, दत्तपूर आणि आनंदवन ही तिन्ही स्थाने त्याच्या पूर्वेकडे आहेत. अशा गावातून तिकडे गेलेल्याचे शेत भावकीत वाटले गेले असेल, लग्नपत्रिकेतून त्याचे नाव गळले असेल, तर बोटे वाकलेला पण निरोगी माणूस परतल्यावर त्यास प्रथम लागते ते औषध नव्हे. सातबाऱ्यावरचे नाव, शिधापत्रिका आणि पंगतीतील पाट लागतो. त्रिसूत्रीतील 'लोकशिक्षण' हे पद या गावासाठीच होते, रोग्यासाठी नव्हे.