पन्नास वर्षांचा गठ्ठा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. ऑफिसात रिलीज होतं, नंतर रिलीजमध्ये निघालेले बग होते, वगैरे वगैरे. पण आज लिहितोय त्याला कारण वेगळं आहे. दोन महिन्यांपूर्वी आमच्या शनिवारच्या खेळात भांडण झालं.

आम्ही पाच जण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: एक जण गोष्ट रचणारा, त्याला म्हणायचं डंजन मास्टर, आम्ही नुसतं डीएम म्हणतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. काय करायचं ते तोंडाने सांगायचं, जमलं की नाही ते फाशांवर ठरतं. तर त्या रात्री आमच्या मांत्रिकाने एक मंत्र टाकला, डीएम म्हणाला चालणार नाही, मांत्रिक म्हणाला गेलं वर्षभर आपण असंच खेळतोय, डीएम म्हणाला पुस्तकात बघ. रात्री एक वाजता पाच अभियंते मोबाईलवर नियम शोधत बसले होते! पुस्तक डीएमच्या बाजूने निघालं. पुढच्या शनिवारी दोघांना "जरा काम" निघालं, त्याच्या पुढच्याही. खेळ बंद पडला.

मला तो मंत्र आठवतही नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला. पुस्तक मोठं की टेबलाभोवती बसलेली माणसं? शोधत गेलो तेव्हा कळलं, हे भांडण या खेळाइतकंच जुनं आहे आणि ते छापून ठेवलेलंही आहे. एका क्लबातून निघालेल्या मासिकात, जवळजवळ पन्नास वर्षं. त्याचं नाव 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स'.

सुरुवात थोडी आधीपासून करू. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स आणि त्याच्या भागीदारांच्या टीएसआर या नवख्या कंपनीने हा खेळ छापला. मूळ कल्पना गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांची. एका खोक्यात तीन बारीक तपकिरी पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती फक्त १,००० प्रती. त्या संपायलाही वर्षाचा बराच भाग गेला.

आणि नियम? आपल्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन भयंकर होतं. लढाईसाठी 'चेनमेल' हा वेगळाच जुना खेळ तुमच्याकडे असेल असं गृहीत धरलेलं. रानावनातल्या प्रवासासाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' नावाच्या तिसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट वापरा म्हणून सांगितलेलं. आधी वार कुणी करायचा, याबद्दल त्या तीन पुस्तिकांत धड काही नाही. एल्फ हा योद्धाही असू शकतो आणि मांत्रिकही, पण एकातून दुसऱ्यात नेमकं कधी जायचं? मांत्रिकाने पाठ केलेला मंत्र एकदाच वापरायचा की पुन्हा पुन्हा? वाचणाऱ्याने आपापलं ठरवायचं.

ठरवलंही. कॅलिफोर्नियात कॅलटेकच्या मुलांनी मंत्रांसाठी चक्क गुण मोजायची पद्धत काढली आणि 'वॉरलॉक' नावाने आपले नियम १९७५ मध्ये छापून टाकले. सँटा मोनिकातल्या एका हॉबी शॉपमध्ये जमणाऱ्या खेळाडूंनी 'चोर' हे पात्र काढलं. त्याची खबर फोनवरून गायगॅक्सपर्यंत पोचली आणि १९७५ च्या अधिकृत पुरवणीत चोर दाखल झाला. आज ज्याच्याशिवाय एकही टोळी बाहेर पडत नाही तो चोर मूळ पुस्तकात नव्हताच. युजरने पाठवलेला पॅच होता तो!

आता या गोष्टीत एक क्लब येतो. लॉस एंजेलिसमध्ये विज्ञानकथा वाचणाऱ्यांची एक संस्था आहे, लासफस या लघुनामाने ओळखली जाणारी, १९३४ साली सुरू झालेली. दर गुरुवारी सभा. १९६४ पासून या सभेत 'आपा-एल' नावाचा एक साप्ताहिक गठ्ठा निघायचा. 'आपा' म्हणजे हौशी छापणाऱ्यांचं मंडळ. ही पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून आहे. प्रत्येक सभासदाने आपली पानं आपण लिहायची, हव्या तेवढ्या प्रती काढून आणायच्या. मध्यवर्ती माणूस सगळ्यांची पानं एकावर एक रचून, टाचून एकेक गठ्ठा प्रत्येकाला देणार. पुढच्या वेळी तुम्ही आपल्या पानांत बाकीच्यांना उत्तरं लिहायची. काय छापायचं आणि काय नाही हे ठरवणारा संपादक नाही, पानांवर कात्री नाही.

छपाई मिमिओग्राफवर, म्हणजे आपल्याकडच्या सायक्लोस्टाईलवर. माझ्या पिढीने ते यंत्र पाहिलेलं नाही. आई सांगते, तिच्या शाळेत घटक चाचणीचे पेपर सायक्लोस्टाईलचे असायचे, हाताला शाई लागायची आणि शेवटच्या बाकावरच्या मुलांना निम्मी अक्षरं दिसायचीच नाहीत. मेणकागदी स्टेन्सिलवर टाईप करायचं, चूक झाली की रंग लावून बुजवायची, मग रोलर फिरवायचा. बॅकस्पेस नावाचं सुख नाही.

१९७४ नंतर या गुरुवारच्या गठ्ठ्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स घुसलं. कुणाच्या तळघरात कुठला राक्षस निघाला, कुणाचा योद्धा कसा मेला, पानंच्या पानं. ज्यांना या खेळात काडीचा रस नव्हता ते वैतागले. (ऑफिसच्या ग्रुपवर क्रिकेट सुरू झाल्यावर जे होतं तेच.) ब्रूस पेल्झने सुचवलं की या मंडळींनी आपला वेगळा गठ्ठा काढावा. क्लबातल्या ली गोल्ड यांनी ते मनावर घेतलं. जून १९७५ मध्ये पहिला अंक निघाला. नाव घेतलं एलिझाबेथच्या काळातल्या नाटकांतल्या रंगसूचनेवरून. रंगमंचावर अख्खी लढाई दाखवणं शक्य नसे, तेव्हा संहितेत हे शब्द लिहून तुताऱ्या, आरडाओरडा आणि इकडून तिकडे धावणारे चार सैनिक यांच्यावर काम भागवत. टेबलावर बसून लढाया खेळणाऱ्यांना याहून चपखल नाव कुठलं मिळणार?

या अंकांत असायचं तरी काय? खेळाचे वृत्तांत, नवे राक्षस, नवे मंत्र, आणि मुख्य म्हणजे "आम्ही हे असं खेळतो" आणि त्यावर महिन्याभराने "आम्ही तसं खेळून पाहिलं, अमुक ठिकाणी अडलं". एका वादाचा निकाल लागायला चार-चार महिने. आज आपल्याला दोन निळ्या टिक दिसून उत्तर आलं नाही की राग येतो. मला वाटतं त्या महिन्याभराच्या उशिरात एक मोठी सोय होती. रात्री एक वाजता उत्तर द्यायची गरज नव्हती. राग शांत व्हायचा, मधे चार वेळा खेळून व्हायचं, मग स्टेन्सिलवर टाईप करावं लागायचं. एवढे कष्ट घेऊन नुसती शिवी देणारा विरळाच. अर्थात सगळंच सोनं नव्हतं. दुसऱ्याच्या बुटक्या योद्ध्याने काय काय केलं हे तीन पानं वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाची सीडी बघण्यासारखं आहे. पण त्या पानांच्या मधेच कुठेतरी एखादा चांगला नियम पडलेला असायचा.

दुसऱ्याच अंकात, जुलै १९७५ ला, खुद्द गायगॅक्सचं पत्र आलं आणि त्याचा सूर अगदी मोकळा होता. कित्येक बाबतीत त्याचं आणि आर्नेसनचंच एकमत नव्हतं. प्रत्येकाचा खेळ वेगळा असावा, हे त्याला मान्य होतं. तेव्हा खेळ लहान होता, खेळणारे एकमेकांना पत्राने ओळखत होते.

तीन वर्षांत चित्र पालटलं. १९७७ ते १९७९ या काळात टीएसआरने 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीची तीन जाडजूड पुस्तकं काढली. आता सूर असा की नियम सगळीकडे एक हवेत, नाहीतर तो हा खेळच नव्हे. आणि १९७८ मध्ये टीएसआरच्याच 'द ड्रॅगन' मासिकात गायगॅक्सने या आपा मंडळींची सालटी काढली. स्वतःच्या पैशाने स्वतःचं छापून मिरवणारे म्हणून त्यांना पार खालच्या पायरीवर बसवलं. तीन वर्षांपूर्वी ज्यांना पत्र लिहिलं तेच हे!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गायगॅक्सचा राग आला. पण आपण सॉफ्टवेअरवाले. जरा त्याच्या खुर्चीत बसून बघा. दर गावात वेगळी आवृत्ती. स्पर्धा भरवायची तर कुठल्या नियमांनी? एका शहरातला खेळाडू दुसऱ्या शहरात गेला तर त्याचा मांत्रिक तिथे चालणार का? शिवाय तुमच्या अर्धवट नियमांत सुधारणा करून लोक स्वतःची पुस्तकं विकतायत. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आमचा डीएमही चुकीचा नव्हता.

फक्त इतिहास त्याच्या बाजूने गेला नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह पेरिनने १९७६ मध्ये लढाईचे घरगुती नियम नीट लिहून वाटले. ते 'पेरिन कन्व्हेन्शन्स' म्हणून ओळखले जातात, आणि १९७८ मध्ये त्याच पेरिनच्या हातून 'रूनक्वेस्ट' हा स्वतंत्र खेळ बाहेर पडला. डेव्ह हारग्रेव्हने १९७७ मध्ये आपल्या घरच्या खेळातून 'अर्डुइन ग्रिमॉयर' काढलं. स्वतः ली गोल्ड यांनी १९८० मध्ये जपानवर बेतलेला 'लँड ऑफ द रायझिंग सन' लिहिला. पुढे या गठ्ठ्यात लिहिणाऱ्यांत एक जोनाथन ट्वीट होता. २००० साली जेव्हा डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा तिच्या प्रमुख रचनाकारांत हाच ट्वीट होता. फोर्क केलेल्या कोडवर काम करणाऱ्याला मूळ प्रोजेक्टने सन्मानाने बोलावून घ्यावं, तसं झालं. त्याच वर्षी खेळाच्या गाभ्याच्या नियमांना 'ओपन गेम लायसन्स' मिळालं, जीपीएलपासून उघड उघड प्रेरणा घेऊन. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने ते लायसन्स आवळायचा घाट घातला, मसुदा फुटला, खेळाडू खवळले आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने ते नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडून दिले. आता ते परत घेता येत नाहीत.

या सगळ्या काळात मालक बदलले. टीएसआर १९९७ मध्ये विकली गेली, गायगॅक्स तर त्याआधीच बाहेर पडला होता. पण हा गठ्ठा मात्र ली गोल्ड यांच्याकडून निघतच राहिला, अधूनमधून एखादा महिना चुकला असेल तेवढाच. २०२५ मध्ये त्यांनी तो थांबवला तेव्हा अंकांची संख्या ५९० च्या वर गेली होती. मी तीन वर्षांत दोन कंपन्या बदलल्या आणि हा ब्लॉग तीनदा बंद पाडला, त्यामुळे या आकड्याकडे मी जरा जास्तच वेळ बघत बसलो.

मला या इतिहासात सापडलं ते एवढंच. पुस्तक मोठं की टेबल, याचं उत्तर त्या मंडळींनी दिलं नाही. त्यांनी ते भांडण लिहून ठेवायची जागा केली. "आमच्याकडे असं चालतं" हे लिहून ठेवलं की तो नियम होतो, दुसऱ्याला तो तपासता येतो. नुसतं डोक्यात ठेवलं तर मात्र "नेहमी असंच खेळतो" आणि "पुस्तकात बघ" यांच्यात मित्र जातात. आम्ही वर्षभर खेळलो आणि आमच्या घरगुती नियमांचं एक पानही आमच्याकडे नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडला डॉक्युमेंटेशन नाही म्हणून बोंबलणारे आम्ही पाच जण!

गेल्या रविवारी मी एक पान लिहिलं. आपण कुठले नियम बदलून खेळतो, जेवढे आठवले तेवढे. खाली त्या मंत्राबद्दल दोन्ही बाजू लिहिल्या. डीएमची आधी, कारण पुस्तक त्याच्या बाजूने होतं. शेवटी लिहिलं, उत्तराची घाई नाही, महिनाभर घ्या. चौघांनाही पाठवलं.

मांत्रिकाचं उत्तर काल आलं. अडीच पानं आहेत, आणि त्यातली दोन माझ्या चुका काढणारी. डीएमचं अजून यायचंय. असो, महिना संपायला बारा दिवस आहेत.