पाच वर्षं दूतावासात अडकलेले सात जण: काय होतं 'सायबेरियन सेव्हन' प्रकरण?

२७ जून १९७८. मॉस्कोतल्या अमेरिकन दूतावासाच्या दारावरच्या सोव्हिएत पहारेकऱ्यांना चुकवून आठ जण आत धावले. सात जण पोहोचले, एका मुलाला मात्र पहारेकऱ्यांनी पकडलं. हे सात जण पुढची जवळपास पाच वर्षं बाहेर पडू शकले नाहीत. त्यातला बहुतेक काळ गेला तळघरातल्या एका खोलीत.

व्हाश्चेंको आणि च्मिखालोव्ह ही दोन कुटुंबं सायबेरियातल्या चेर्नोगोर्स्क या कोळसा खाणींच्या गावातली, पंथाने पेंटेकोस्टल. सोव्हिएत संघात चर्चवर सरसकट बंदी होती असं अनेकांना वाटतं. तसं नव्हतं. नोंदणी करा, मुलांना धर्म शिकवू नका, बाप्टिस्टांसोबत एकाच सरकारमान्य संघटनेत राहा, अशा अटी होत्या. या मान्यताप्राप्त चर्चचे नेते परदेशात शांतता परिषदांना जायचे आणि देशाची चांगली बाजू मांडायचे. अटी नाकारणाऱ्यांच्या वाट्याला तुरुंग. व्हाश्चेंकोंच्या मुली तर सरकारने घरातून काढून नेल्या होत्या. १९६३ मध्येही याच गावातले ३२ जण दूतावासात आले होते, पण त्यांना परत पाठवलं गेलं.

मग अमेरिकेने त्यांना थेट विमानात का नाही बसवलं? कारण दाराबाहेर पाऊल टाकलं की सोव्हिएत पोलीस, आणि देश सोडायला सरकारी परवाना हवा. मॉस्को म्हणायचं, आधी गावी जा, मग अर्ज करा. यावर या लोकांचा विश्वास कसा बसणार? दूतावासालाही हे पाहुणे अवघडच वाटत होते.

डिसेंबर १९८१ मध्ये आई ऑगस्टिना आणि मुलगी लिडियाने उपोषण सुरू केलं. महिन्याभरात लिडियाला मॉस्कोच्या रुग्णालयात हलवावं लागलं. तिथून ती गावी परतली आणि तिने अर्ज केला.

१५ फेब्रुवारी १९८३ ला राष्ट्राध्यक्ष रेगन सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना गुपचूप भेटले. यांना जाऊ द्या, आम्ही त्याचा गाजावाजा करणार नाही, असा त्यांचा प्रस्ताव होता. एप्रिलमध्ये लिडियाला देश सोडू दिला. तो इशारा समजून उरलेले दूतावासातून गावी गेले आणि उन्हाळ्यात दोन्ही कुटुंबं बाहेर पडली. रेगन यांनी शब्द पाळला. त्याच ऑगस्टमध्ये दोन्ही देशांत धान्य खरेदीचा दीर्घ मुदतीचा करार झाला.