हिंदनगरचे चित्रण

२७ जुलै १९५३ रोजी कोरियात युद्धविराम झाला. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण भारतीय दलाकडे आली. त्याचे सेनापती होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात, आणि छावणीचे नाव हिंदनगर.

त्या वेळचे वृत्तचित्रण फुलसावंगीत बसून पाहताना नजर खिळते ती हेलिकॉप्टरांवर. त्यांतून उतरणारे आपले जवान मोठे दिमाखदार वाटतात. वास्तविक ती अगतिकता होती. राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीयांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला, म्हणून जहाजावरून थेट निर्लष्करी पट्ट्यात त्यांना असे उचलून न्यावे लागले. हा अपमान पडद्यावर दिसत नाही. तो कळण्यासाठी छापील पानांकडेच वळावे लागते. थोरातांच्या आत्मचरित्राकडे, उदाहरणार्थ. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाआड शिरले आणि बोलणी करून त्यास सोडवून घेऊन आले. माझ्या मते सबंध मोहिमेतला हाच खरा राजनैतिक प्रसंग.

८८ कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या. १९५४ च्या आरंभी ते भारतात आले. पुढे काही ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले.