ग्रंथालय सार्वजनिक, मग व्याख्यानमाला कोणाची?

महाराष्ट्र शासन उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयांना पुरस्कार देते. त्या पुरस्काराला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. स्मृतिचिन्ह काचेच्या कपाटात मांडले जाते, फोटो भिंतीवर लागतो. मात्र ज्यांच्या नावाने पुरस्कार घेतला त्यांनी ग्रंथालयाकडून काय मागितले होते, हे किती कार्यकारी मंडळांनी कधी वाचले असेल? मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडच्या वाड्यांमध्ये काम करताना आम्हाला हा प्रश्न वारंवार पडतो.

जुलै १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड आणि व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख बाबासाहेब. सभेचे उद्देश सगळ्यांना माहीत असतात ते वसतिगृहापुरते. सोलापूरचे वसतिगृह आपण भाषणात सांगतो आणि पुढे जातो. पण त्याच यादीत वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढण्याचा उद्देश आहे, आणि त्याला लागूनच औद्योगिक व शेतकी शाळा काढण्याचा. म्हणजे पुस्तक, चर्चा आणि हातातले कसब ही तिन्ही एकाच कागदावर, एकाच समाजासाठी, प्रौढांसकट. सभेने मुंबईत मोफत वाचनालयही चालवले. आज ज्याला 'ग्रंथालयाचे विस्तार उपक्रम' म्हणतात, त्याचा आराखडा शंभर वर्षांपूर्वी अस्पृश्यांच्या संघटनेने मांडला होता. ग्रंथालय चळवळीच्या इतिहासात हे पान का सापडत नाही, याचे उत्तर तो इतिहास लिहिणाऱ्यांनी द्यावे.

याची मुळे आपल्या जिल्ह्यापर्यंत येतात. कृष्णराव अर्जुन केळुसकर वेंगुर्ला तालुक्यातल्या केळूसचे. मुंबईत विल्सन हायस्कुलात शिक्षक. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यासाला जागा नसलेला भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे, तिथे केळुसकर गुरुजींची गाठ पडली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्याबद्दल सत्कार झाला, अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते, आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती दिले. पुढचे एकोणपन्नास वर्षांचे अंतर, १९०७ ते १९५६, आपण जाणतोच. सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकणारेही केळुसकरच. आमच्या जिल्ह्यात व्याख्यानमालांना अनेकांची नावे आहेत. केळुसकरांच्या नावाची आमच्या ऐकण्यात तरी नाही.

आता त्या काळातली वाचनालये पाहू. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर दहाच वर्षांनी उभे राहिलेले. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. या संस्थांचे वय अभिमानाने सांगितले जाते आणि तो अभिमान खोटा नाही. दीड-दोन शतके पुस्तके जपणे सोपे नसते, तेही कोकणातल्या पावसात आणि वाळवीत. पण वाचनालयात शिरायला त्या काळी तीन गोष्टी लागत: अक्षरओळख, वर्गणी आणि जात. पहिल्या दोन नसण्याचे कारणही तिसरीच. व्याख्यानमालेचे तसेच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तो नमुना गावोगाव गेला: संध्याकाळ, सतरंजी, विद्वान वक्ता, शेवटी आभार. उत्तम नमुना. मात्र श्रोता कोण, हे आधीच ठरलेले असे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत. ही यादी नीट वाचली तर तिच्यात वाचनालय नाही. बोल्यांना दोष द्यायचे कारण नाही, पाणी आधी हवे होते. शिवाय सावंतवाडी वेगळे संस्थान असल्याने हा ठराव तिथे लागूच नव्हता. मालवण, वेंगुर्ला, देवगड ब्रिटिश अमलातल्या रत्नागिरी जिल्ह्यात, तर मधला मुलूख सावंतांचा. आजचा सिंधुदुर्ग १९८१ चा. तेव्हा एकाच खाडीच्या दोन तीरांवरच्या महारांना दोन वेगळे कायदे होते, हे इथल्या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे.

ठराव कागदावरच राहतो हे दिसल्यावर बोले यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे. आम्हाला हा दुसरा ठराव पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. सरकारचा पैसा घ्यायचा आणि दार अर्धेच उघडायचे, हे चालणार नाही, असे त्याने सांगितले. महाडचे तळे पुढच्याच वर्षीचे.

चांगले ग्रंथालय आणि खुला समाज या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत, याचे उदाहरण बडोद्याइतके स्पष्ट दुसरे नाही. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले, मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पाठवली. देशात असे काम दुसरीकडे नव्हते. त्याच बडोद्यात १९१७ मध्ये कोलंबियाहून शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही, पारशी वसतिगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. पेट्या खेड्यांत पोचल्या होत्या, माणूस शहरात राहू शकत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम १५ ने राज्याच्या पैशाने चालणाऱ्या सार्वजनिक जागा खुल्या केल्या. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला. अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि वर्गाप्रमाणे अनुदान. ग्रंथालये मात्र खासगी संस्थांच्याच हाती राहिली, मद्रासच्या १९४८ च्या कायद्यासारखा ग्रंथालय कर आला नाही. परिणाम असा की ज्यांची संस्था, इमारत आणि दप्तर आधीपासून होते, त्यांना अनुदानाची वाट सरळ होती. बौद्धवाडीत आधी विहार उभा राहिला, मग एका कोपऱ्यात कपाट आले, मग तरुणांनी पुस्तके जमवली. तोवर २०१२ ची राज्यव्यापी पडताळणी झाली आणि पुढची बरीच वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता देणेच थांबले. बोगस ग्रंथालये होती हे खरे, ती बंद व्हायलाच हवीत. पण उशिरा आलेल्याच्या तोंडावर दार लागले, त्याचा जमाखर्च कोणी मांडला नाही.

आणि आता उपक्रमांचे बोलू. आमच्यापैकी काहींना वाचनालयांत बोलायला बोलावले जाते. तारखा ठरलेल्या: १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर. मत्स्यव्यवसाय, कबुलायतदार जमिनींचा प्रश्न, पर्यटनातली मजुरी, सातबारा कसा वाचावा, यांवर बौद्ध वक्ता कधी सुचतच नाही. खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ मध्ये कोणी मांडले, हे कोकणात तरी आठवायला हवे होते. बाबासाहेब जमिनीवरही बोलत असत.

हस्तकलेच्या कार्यशाळांमध्ये तर गंमतच होते. जिल्ह्यातल्या एका ग्रंथालयाने महिलांसाठी बांबूच्या वस्तूंची कार्यशाळा घेतली. प्रशिक्षक शहरातून आणली, मानधन दिले, दोन दिवसांत शोभेच्या परड्या झाल्या. तिथून हाकेच्या अंतरावरच्या वाडीत साठ वर्षे सुपे, रोवळ्या, डाली विणणारी आजी राहते. तिला विचारले का, असे आम्ही विचारले तर उत्तर आले, त्यांना शिकवता येईल का? आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आमी काय शिकवतलव बाबा, आमका कोण इचारता?" तिच्या शंकेमागे पिढ्यांचा अनुभव आहे. ग्रंथालयाच्या शंकेमागे काय आहे?

उर्मिला पवारांच्या २००३ च्या आत्मकथनाचे नाव 'आयदान' आहे. कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तूंना आयदान म्हणतात, आणि आई आयदाने विणत बसलेली असे हे त्यांनी लिहिले. तो ग्रंथ वाचनालयाच्या कपाटात असतो, पण आयदान विणणारी पायरीच्या आत येत नाही. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पाहा. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि मग सगळ्यांना अभिमान वाटू लागला. पद्मश्रीची वाट न पाहता कारागिराला शिक्षक मानता येत नाही का?

इथे आमच्याच माणसांचा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. बाबासाहेबांनी परंपरागत कामे सोडा म्हटले, तुम्ही पुन्हा बांबू हातात का देता? उत्तर असे की मेलेली ढोरे ओढणे, येसकरकी, वतनाची राबणूक ही गावाने लादलेली अप्रतिष्ठा होती. ती सुटली ते बरेच झाले. आयदान विकून आमच्या कित्येक आयांनी वह्यापुस्तकांचे पैसे भरले. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या न झालेल्या भाषणात श्रमविभागणीच्या नावाने केला जाणारा जातीचा बचाव मोडून काढला आहे तो याच जागी: आवडीने निवडलेले काम आणि जन्माने गळ्यात पडलेले काम एक नसते. म्हणून बौद्धवाडीतल्या मुलीला बांबूचाच वर्ग, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. तिला बोटीचे इंजिन दुरुस्त करायला, हिशेब लिहायला, चित्र काढायला शिकू द्या. १९२४ च्या उद्देशात औद्योगिक शाळा होती, वडिलोपार्जित धंदा नव्हता. आणि तिच्या आजीला शिकवायचे असेल तर तिच्या नावाने फलक लागावा, शहरातल्या प्रशिक्षकाइतकेच मानधन पाकिटात मिळावे.

वेळेचाही विचार हवा. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, पण तेव्हाच लावणी. मजुरीला जाणारी बाई संध्याकाळी सहाच्या व्याख्यानाला येणार नाही, तिच्या चुलीची वेळ ती. रात्री साडेआठला, वाडीतल्या समाजमंदिरात, ग्रंथालयाने पेटीभर पुस्तके आणि वक्ता घेऊन यायला काय हरकत आहे? बडोद्याने हे बैलगाडीच्या काळात केले.

यंदा आम्ही ठरवले आहे की अनुदानित ग्रंथालयांकडे गेल्या तीन वर्षांच्या उपक्रमांची यादी लेखी मागायची: कार्यक्रम कुठे झाला, वक्ता कोण, मानधन किती, बौद्ध, ठाकर, गाबीत, धनगर वाड्यांत किती कार्यक्रम झाले. दुसरे काम वाड्यांतले. ही ग्रंथालये नोंदणीकृत संस्था आहेत, कार्यकारी मंडळ सभासद निवडतात, वार्षिक सभेत हिशेब मांडावा लागतो. वर्गणी फार नाही. ज्यांनी अजून सभासदत्वाचा अर्ज भरला नाही त्यांनी तो या महिन्यात भरावा, पावती जपून ठेवावी आणि वार्षिक सभेची नोटीस आली की आम्हाला कळवावे.