अमेरिका नावाचा विषय

आमच्या हापिसात ‘क्रॉस-कल्चर ट्रेनिंग’ असतं. थँक्सगिव्हिंग कधी, बेसबॉलमधले वाक्प्रचार कुठले, ‘हाऊ आर यू’ला खरं उत्तर का द्यायचं नसतं... झालं अमेरिकन कल्चर! म्हटलं, खुद्द अमेरिकन लोक स्वतःचा देश कसा शिकतात ते तरी बघू.

तर त्यांनाही हे उशिराच सुचलंय. बराच काळ तिथल्या विद्यापीठांत साहित्य म्हणजे मुख्यतः इंग्लंडचं, अमेरिकन लेखक तोंडी लावण्यापुरते. इतिहासवाले वेगळे, साहित्यवाले वेगळे. १९३० च्या दशकात हार्वर्डने दोन्ही एकत्र करून अमेरिकन संस्कृतीच्या इतिहासाचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम काढला. १९४० साली त्यातून पहिला डॉक्टर बाहेर पडला, हेन्री नॅश स्मिथ. त्याचं ‘व्हर्जिन लँड’ हे पुस्तक १९५० साली आलं.

प्रश्न साधा होता: पश्चिमेकडच्या जमिनीबद्दल अमेरिकन माणसाच्या डोक्यात काय चित्र होतं? आता हे कुठल्या खात्यात बसवणार? स्मिथने काँग्रेसमधली भाषणं वाचली आणि त्याच गांभीर्याने डाइम नॉव्हेल्स, म्हणजे दहा सेंटवाल्या मारधाडीच्या कादंबऱ्याही. (बाबूराव अर्नाळकरांवर पीएचडी करतो म्हणालात तर आपल्याकडचा गाईड काय म्हणेल?)

त्याला सापडलं एक स्वप्न: पश्चिम म्हणजे बाग, कष्ट करील त्याची. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने ते कागदावर आणलं. १६० एकर घ्या, पाच वर्षं राहून शेती करा, नाममात्र फीवर जमीन तुमची. पूर्वेच्या ओल्या हवेत १६० एकर भरपूर. पण पार पश्चिमेला पाऊस इतका कमी, की तेवढ्यात कुटुंब जगणं मुश्किल. जॉन वेस्ली पॉवेलने १८७८ च्या सरकारी अहवालात चराऊ जमीन असेल तर कुटुंबामागे २,५६० एकर हवी, असं सरळ सांगितलं. ऐकतो कोण! ‘नांगर गेला की मागून पाऊस येतो’ असं शिकलेली माणसंही तेव्हा छातीठोकपणे सांगत होती. डेटा समोर असूनही स्पेक बदलला नाही, आणि पुढच्या दुष्काळांत हजारो शेतकरी उठून परत गेले.

पुस्तकात एक मोठी खोट आहे, ती थेट नावातच. जमीन ‘कुमारी’ कुठली? तिथे मूळ रहिवासी पिढ्यानपिढ्या राहत होते, आणि ते या पुस्तकात जवळपास नाहीतच. नंतरच्या अभ्यासकांनी स्मिथला यावरून धारेवर धरलं. १९८६ साली, म्हातारपणी, त्याने स्वतःच लेख लिहून हे मान्य केलं. मला हे फार आवडलं. तोवर हा विषयही बदलला होता: कृष्णवर्णीय, स्त्रिया, मूळ रहिवासी हे समासातून मजकुरात आले होते.

आपल्याकडे १९६४ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर निघालं. शीतयुद्धाचे दिवस, अमेरिकेला स्वतःची ओळख करून द्यायची हौस होतीच. पण अमेरिकन साहित्य शिकवणारे कितीतरी भारतीय प्राध्यापक तिथल्या ग्रंथालयात वाचून तयार झाले.

असो. ‘व्हर्जिन लँड’ हाती लागलं तर पहिल्या भागाचं ‘पॅसेज टू इंडिया’ हे नाव बघून हुरळू नका. तिसरा भाग आधी वाचा, पाऊस आणि पॉवेल तिथेच आहेत.