विश्रामबागवाडा

पेशवा दुसऱ्या बाजीरावाचे पुण्यातील निवासस्थान. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुमारे 2 लाख रुपये खर्चून हा वाडा उभा राहिला. दर्शनी भागातील कोरीव सज्जा व सुरूच्या आकाराचे लाकडी खांब हे त्याचे खरे वैभव. 1818 मध्ये पेशवाई बुडाली. 1821 मध्ये येथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढे डेक्कन कॉलेज झाले ते तिच्यातूनच. 1879 मध्ये लागलेल्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. तो लोकवर्गणीच्या मदतीने पुन्हा बांधला गेला. नंतर महापालिकेच्या कचेऱ्या येथे होत्या. त्या वर्दळीत वाडा बराच झिजला. अलीकडे टप्प्याटप्प्याने त्याची डागडुजी झाली.